ऑइल गाडीत आहे

गाडी दारात येऊन आठ दिवसही झाले नव्हते. शेजारच्या काकांनी मला पार्किंगमध्ये गाठलं, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर दोन बोटं टेकवली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते रे?"

दुसरं काहीही विचारलं असतं तरी उत्तर माझ्या जिभेवर होतं. इंजिन टर्बो आहे, शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते, मागचे दोन्ही सायलेन्सर खरे आहेत, शोभेचे नाहीत, सीट अशी की वळणावर माणूस जागचा हलत नाही. यातलं एकही काकांनी विचारलं नाही. मी म्हणालो, "अजून काढलं नाही." काका माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी पोराला शाळेत घातलंय आणि ते कितवीत आहे हे मला ठाऊक नाही.

खरं तर स्पोर्टी सेदान घेणाऱ्याने ॲव्हरेजच्या वाटेला जायचंच नसतं. बिबट्या पाळायचा आणि तो किती खातो याची चौकशी करायची, असला तो प्रकार. पण माझा पिंड काटकसरीचा. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो आणि तो खरंच बंद झाला का हे पाहायला परत येऊन दिवा लावतो, त्यातला मी. उधळ्या गाडीला असा मालक मिळाला, यात तिचा दोष नाही.

त्याच रात्री मी शंभर पानी वही काढली. तारीख, ओडोमीटर, लिटर, किलोमीटर प्रति लिटर आणि शेरा, असे पाच रकाने आखले. पद्धत जगजाहीर आहे. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि कापलेल्या अंतराला आत गेलेल्या लिटरने भागायचं. चौथीचं गणित. ग्यानबाची मेख 'काठोकाठ' या शब्दात आहे हे मला फार उशिरा कळलं.

पंपाच्या नळीच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल वर चढून भोक बुजलं की हवा थांबते, आतला पडदा खेचला जातो आणि नळी 'खट्' करून स्वतःच बंद होते. मोठी हुशार रचना आहे. फक्त टाकी खरंच भरली की नुसता फेस वर आला, यातला फरक त्या भोकाला कळत नाही. जोरात भरलं तर खट् लवकर, सावकाश भरलं तर उशिरा, गाडी एका अंगाला कलली असेल तर आणखी तिसरंच. माझी पहिली नोंद अशी: ४७१ किलोमीटर, ३८.३ लिटर, १२.३०. आता त्याच नळीने जरा घाई केली असती आणि ३७.६ वरच खट् झालं असतं, तर माझी गाडी बसल्या जागी १२.५३ देणारी ठरली असती.

म्हणून मी एकाच पंपावर, एकाच मशीनपुढे, पुढचं चाक फरशीतल्या एका ठराविक भेगेवर आणून गाडी उभी करू लागलो. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मी दार अर्धं उघडून, खाली वाकून भेग शोधत असायचो. तिसऱ्या खेपेला पंपावरच्या मुलाने, "काही पडलं का साहेब?" म्हणून माझ्याबरोबर शोधायला सुरुवात केली.

"ॲव्हरेज गाडीच्या स्क्रीनवर दिसतं की. वही कशाला?" असं हिने विचारलं. कारण स्क्रीन १३.४ म्हणते आणि वही १२.३. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती किती वेळ उघडले यावरून किती पेट्रोल गेलं असेल याचा स्क्रीन अंदाज बांधते, आणि माझ्या गाडीच्या स्क्रीनचा स्वभाव मुळात आशावादी आहे. आशावादाला माझी हरकत नाही, पण तो हिशेबात नको.

त्याच स्क्रीनवर त्या-त्या क्षणाचं ॲव्हरेजही नाचत असतं. ही सोय ज्याने काढली त्याला माझ्यासारखी गिऱ्हाइकं माहीत नसावीत. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आकडा ९९.९ वर जातो, कारण तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि पेट्रोलचा पुरवठा साफ बंद असतो. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला की ३.२. गाडी उभी राहिली की तीन आडव्या रेघा, म्हणजे बोलण्यासारखं काही नाही. मी रस्ता कमी आणि आकडा जास्त पाहू लागलो. ३.२ दिसू नये म्हणून सिग्नल सुटल्यावर गाडी अशी काढायचो, की मागून आलेला सायकलवाला पुढे निघून जाई आणि वळून पाही.

हायवेवरही तेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० ऐवजी ११० ने गेलं तर तो जवळजवळ १.९ पट होतो. एकदा हे वाचल्यावर माझा पाय ८० च्या पुढे जाईना. ट्रक ओलांडून जात. त्यातले क्लीनर आधी माझे दोन सायलेन्सर बघत आणि मग मला बघत. स्पोर्ट मोडचं बटण मी फक्त धूळ पुसायला हात लावावा म्हणून होतं. ते एकदाच दाबलं होतं. दाबल्यावर ॲक्सिलरेटर तिखट होतो, गियर खालीच अडकून राहतो, आणि इंजिनाची गुरगुर वाढते. ही गुरगुर बऱ्याच गाड्यांत थोडीफार स्पीकरमधूनही सोडलेली असते. माझी गाडी त्यातलीच. शेजारी बसलेली ही म्हणाली, "ते काय लावलंयस ते बंद कर आधी." तिला वाटलं, गाणं आहे.

दोन महिन्यांची सरासरी काढून मी काकांना उत्तर दिलं: १२.३.

"बारा?" काका म्हणाले. दशांश त्यांनी ऐकलाच नाही. "अरे, माझी जुनी अठरा द्यायची."

काकांनी ती जुनी गाडी विकली त्याला कैक वर्षं झाली. मी या इमारतीत राहायला आलो तेव्हा ती पंधरा द्यायची. मध्यंतरी सोळा-साडेसोळा देत होती. विकलेल्या गाडीचं ॲव्हरेज दरवर्षी असं चढत जातं, आणि त्यासाठी तिला पेट्रोलही लागत नाही. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "ऑइल कुठलं टाकतोस?"

"गॅरेजवाला टाकतो ते."

"तिथेच फसतोस," काका म्हणाले आणि जिना चढून गेले.

इथून माझ्या घरची शांती गेली.

गाडीचं मॅन्युअल जाडजूड आहे. त्यातला बराचसा भाग फोन गाडीला कसा जोडावा यावर आहे, आणि इंजिन ज्यावर जगतं त्या तेलाला एक चौकट. चौकटीत दोन नंबर होते: ५डब्ल्यू-३०, आणि इंधनबचतीसाठी ०डब्ल्यू-२०. एखाद्या समंजस माणसाने त्यातला एक उचलला असता आणि दिवा मालवून झोपला असता. मी मेहुण्याला फोन केला.

"भाऊजी, डब्ल्यू म्हणजे वेट," मेहुणा म्हणाला. "जितका नंबर मोठा तितकं ऑइल वजनदार. तुमची गाडी स्पोर्टी. तिला चाळीस तरी पाहिजेच. रेसिंगवाले पन्नास टाकतात." मेहुणा स्वतः स्कूटर चालवतो. तीही त्याच्या बायकोची आहे.

डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. तेलाची ही नंबरवारी 'एसएई' या अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेची, पहिली १९११ सालची. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो, की कडाक्याच्या थंडीत सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर तेल कितपत अंग हलवील. ५डब्ल्यूच्या तेलाची ही परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. घरातला डीप फ्रीझरसुद्धा उणे १८ ला थांबतो. म्हणजे मी फ्रीझरमध्ये राहायला गेलो आणि गाडी तिथेच पार्क केली, तरी दोन्ही तेलं मला तक्रारीला जागा ठेवणार नाहीत. मागचा आकडा तेल तापल्यानंतरचा, १०० अंशांवर ते किती दाट राहतं त्याचा. तीस नंबरची दाटी मोजून ९.३ ते १२.५ च्या मध्ये, वीसची ६.९ ते ९.३ च्या मध्ये. म्हणजे वीस नंबर पातळ. पातळ तेल ढवळायला इंजिनाला कमी जोर लागतो आणि तेवढं पेट्रोल वाचतं.

काकांना हे पटणं शक्यच नव्हतं. काकांच्या मते तेल म्हणजे २०डब्ल्यू-५०. बोटावर घेतलं तर ओघळता कामा नये. "पातळ ऑइल म्हणजे इंजिनाची वाट," असं म्हणताना त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी घासली की मला माझं पिस्टन डोळ्यांपुढे दिसलं. त्यांच्या काळातल्या इंजिनांत फटी मोठ्या असत, तिथे दाट तेल शोभायचं. माझ्या गाडीत टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ते तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत. ते तेल चावी फिरवल्याबरोबर तिथे पोचलं पाहिजे, गप्पा मारत येऊन चालत नाही. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "लाखभर फेरे कोण मोजायला गेलं होतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्ट्रिबेक नावाच्या जर्मन संशोधकाने बेअरिंगमधलं घर्षण मोजलं. त्याच्या नावाचा एक आलेख आहे, वाडग्यासारखा. तेल फार पातळ झालं की धातूला धातू घासतो आणि घर्षण वर जातं, फार दाट झालं की तेल स्वतःच आडवं येतं आणि घर्षण पुन्हा वर जातं. मध्ये कुठेतरी वाडग्याचा तळ. रात्री अकरा वाजता मी तो आलेख वहीच्या मागच्या पानावर काढून हिला समजावला. तिने तो शांतपणे पाहिला.

"म्हणजे मधलं काहीतरी घ्यायचं. एवढंच ना?"

"एवढंच नाही गं. मॅन्युअलात दिलेला नंबर वापरला तर ॲव्हरेज एक ते दोन टक्क्यांनी सुधारतं, असं अमेरिकी सरकारचा ऊर्जा विभाग सांगतो."

"बारा पॉइंट तीनचे दीड टक्के किती?"

मी हिशेब केला. "पॉइंट अठरा."

"पॉइंट अठरासाठी अकरा वाजता दिवा जळतोय," ती म्हणाली. "त्यापेक्षा डिकी रिकामी कर. काय काय घेऊन फिरतोस तिच्यात."

डिकीत काही नव्हतं. एकदाही न घातलेलं गाडीचं कव्हर होतं, हवा गेलेला फुटबॉल, दोन छत्र्या आणि कुणाला तरी द्यायचे म्हणून दोन वर्षं बांधून ठेवलेले कपडे. ते मी मनावर घेतलं नाही.

शेवटी मी ०डब्ल्यू-२० चा चार लिटरचा डबा घेतला. त्यामागे आणखी एक आठवडा गेला, कारण डब्याच्या पाठीवर जे छापलेलं असतं ते वाचायला लागलं की माणूस बाहेर येत नाही. त्यात तेलाचा दर्जा सांगणारी, 'एस'ने सुरू होणारी अक्षरं असतात. एसए पासून सुरुवात झाली आणि मधली काही अक्षरं गाळत गाळत २०२० मध्ये गाडी एसपीवर आली. एसपी माझ्यासारख्या टर्बोवाल्यांनी पाहावं. छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर काढला, की कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच आतला भडका उडतो आणि त्या दणक्याने पिस्टनसुद्धा फुटू शकतो. एसपी तेलात तो प्रकार टाळायची व्यवस्था असते. मी सायकलवाल्याच्या मागून, वरच्या गियरमध्ये, कमीत कमी फेऱ्यांवर रांगत गाडी चालवणारा माणूस. बचत करता करता मी रोज नेमका त्याच भडक्याला आमंत्रण देत होतो हे वाचलं, त्या रात्री झोप लागली नाही.

डबा घरी नेला असता तर पॉइंट अठराचा विषय पुन्हा निघाला असता. म्हणून तो डिकीतच कोपऱ्यात ठेवला आणि वर कव्हर पसरलं. दोन दिवसांनी सर्व्हिसिंग होतं.

गॅरेजमध्ये सकाळी गर्दी. मेकॅनिकच्या कानाशी खांद्याने धरलेला फोन, एका हातात पाना, दुसऱ्या हातात माझी चावी. मी खुणेने त्याला थांबवलं आणि बजावून सांगितलं, "ऑइल गाडीत आहे."

"असणारच की साहेब," तो म्हणाला. "बदलून टाकतो."

संध्याकाळी बिलाखालचा एकूण आकडा पाहिला आणि वरचं काही वाचायची ताकद राहिली नाही. घडी घालून बिल फाइलमध्ये लावलं आणि चावी फिरवली.

काय सांगू? पहिल्या सेकंदालाच फरक. इंजिन सुरू झालं की नाही हे पाहायला मला काट्याकडे बघावं लागलं. गियर पडताना जो एक हलका झटका लागायचा तो गेला. (गियरबॉक्सचं तेल निराळं असतं आणि त्याला कुणी हात लावला नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.) गाडी हलकी झाली, पाऊल मोकळं पडू लागलं. एक नवीन गोष्टही लक्षात आली: वळण जरा झोकात घेतलं की मागच्या अंगाने एक भारदस्त 'धप्प' असा आवाज यायचा. मेहुणा शेजारी होता. "भाऊजी, हे काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "स्पोर्ट्स सस्पेन्शन. वजन बाहेरच्या चाकावर टाकतं." मेहुण्याने आदराने मान हलवली. पुढच्या वळणाला त्याने स्वतःहून कान दिला.

पहाटे सहाला मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा असायचो. इंजिन गार, जमीन सपाट, हातात जुना बनियन. डिपस्टिकचं पिवळं कडं पकडून ती उपसायची, पुसायची, परत तळापर्यंत घालायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे आडवी धरून दोन खुणांच्या मध्ये तेलाची रेघ कुठे थांबली ते पाहायचं. एक थेंब बोटावर घेऊन मी चोळून पाहिला. काय पातळ! पाण्यासारखं! वीस नंबर तो वीस नंबर. मग डिपस्टिकचा वास घेतला. हे विनाकारण नव्हतं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या टर्बो गाडीत जळायचं राहिलेलं पेट्रोल झिरपून तेलात उतरतं, आणि मग तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. पूर्वी एकदा माझंही वाढलं होतं, आणि काहीही खर्च न करता तेल वाढवणारी गाडी मिळाली म्हणून मी दोन दिवस खूश होतो. या वेळी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि उघडले तर समोर दूधवाला उभा. त्याने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो दुसऱ्या जिन्याने जातो.

महिनाअखेरीस वहीत नोंद पडली: ४८९ किलोमीटर, ३७.९ लिटर, १२.९०. भेगेवर चाक, तेच मशीन, तीच नळी. तब्बल पॉइंट सहाची वाढ, म्हणजे पाच टक्क्यांच्या घरात. शास्त्रज्ञ एक ते दोन म्हणतात. शास्त्रज्ञ जपून बोलतात, असा मी अर्थ काढला. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं: 'नवं ऑइल. फरक सिद्ध.'

वही घेऊन मी काकांकडे गेलो. काका दाट तेलाचे असले तरी लिहिलेल्या आकड्याला मान देणारे आहेत. त्यांनी चष्मा लावला, माझे दोन भागाकार पुन्हा करून पाहिले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नाव लिहून दे." त्यांच्या छोट्या गाडीच्या मॅन्युअलात हा नंबर आहे याची खात्री मी स्वतः करून घेतली. पन्नास नंबरचा माणूस मी वीसवर आणला. त्या आठवड्यात मी ऑफिसात तिघांना, लिफ्टमध्ये एकाला आणि दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाही या विषयावर सांगितलं.

मग एका रविवारी मागचं चाक बसलं.

स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. मी छत्र्या काढल्या, फुटबॉल काढला, कपड्यांचं गाठोडं काढलं, कव्हर ओढलं. कव्हराखालून डबा माझ्याकडे पाहत होता. चार लिटर. सील शाबूत. एक कोपरा मात्र डिकीच्या भिंतीवर आपटून आपटून चेपला होता.

मी हाताने डबा जरा ढकलला. 'धप्प.' भारदस्त.

रस्त्याच्या कडेला, चेपलेला डबा मांडीवर घेऊन मी मेकॅनिकला फोन लावला. तो न चिडता म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, ऑइल गाडीत आहे? तेच काढून आपलं नेहमीचं टाकलं. पाच-तीस. बिलावर लिहिलंय."

घरी येऊन मी फाइल काढली. लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, तिचे पैसे लावलेले नव्हते, म्हणून तर ती एकूण आकड्यात कुठे दिसली नाही: चारही चाकांत हवा, २५ होती, ३३ केली. आठ पीएसआय. हवा एका पीएसआयने उतरली की ॲव्हरेज साधारण पॉइंट दोन टक्क्यांनी उतरतं. आठ दुणे सोळा, म्हणजे १.६ टक्के. जे मी आठवडाभर डब्यांच्या पाठी वाचून मिळवणार होतो, तेवढं एका पोऱ्याने हवेतून काढून दिलं होतं, फुकट. उरलेले तीनेक टक्के कुठून आले? शाळांना सुट्टी लागून रस्ते मोकळे झाले होते, नवीन तेलाच्या कौतुकापोटी मी पाय आणखी हळू टाकत होतो, आणि नळीच्या 'खट्'चं तर काही सांगता येत नाही. आणि हे सगळं साडेतीन किलोचा डबा पाठीवर घेऊन.

वहीतल्या लाल शेऱ्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी 'नवं ऑइल' यानंतर कंसात बारीक अक्षरात 'जुन्याच नंबरचं' एवढं घातलं. बाकी तसंच ठेवलं. ही चहाचा कप ठेवायला आली तेव्हा पान उलटलं.

डबा परत डिकीतच गेला. घरी कुठे ठेवणार? पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकच्या हातात द्यायचा, असं ठरवलंय.

परवा काका माझ्याबरोबर गाडीत होते. सीटबेल्ट लावता लावता त्यांनी सुरुवात केली. "तुझं ते ऑइल टाकलं हं मी. हजार किलोमीटर झाले. मीही वही घातली. काडीचा फरक नाही. दुसऱ्या दशांशात काही हललं असेल तर असेल. तुला पॉइंट सहा कसे काय मिळाले?"

समोर सिग्नल सुटला. मी सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं.

"ते चालवण्यावर असतं, काका," मी म्हणालो आणि डावीकडे वळलो.

धप्प.

काकांनी मान वळवून मागे पाहिलं. "हे रे काय वाजलं?"

"स्पोर्ट्स सस्पेन्शन."